यादीखालची पट्टी

“शेवटच्या तिघी आल्याच न्हाईत बगा,” हिरेमठ म्हणाले. “अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. ओळीनं तिघी. वीस वर्षांच्या नोकरीत असं बघितलं न्हाई मी.”

“गेल्या असतील दुसरीकडे,” मी म्हणाले. मला परत जायची घाई होती.

हिरेमठ आमच्या गावातल्या एका नर्सिंग कॉलेजचे हेडक्लार्क. त्यांच्यापुढे प्रवेशाचं रजिस्टर उघडं होतं. सदतीस नावांपुढे सह्या होत्या आणि शेवटच्या तीन जागा कोऱ्या. जुलै दोन हजार बारा, गुरुवार, दुपारचे पावणेदोन. पाच वाजता मुदत संपणार होती आणि त्या तीन जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलींना जाणार होत्या. ती प्रतीक्षा यादी पाचच्या ठोक्याला संकेतस्थळावर चढवायला मला बोलावलं होतं, कारण संकेतस्थळ मी केलं होतं. माझं वय चोवीस. बार्शीत भाड्याचा एक गाळा, त्यात एक कॉम्प्युटर, बाहेर ‘कोरे वेब सोल्युशन्स’ अशी पाटी, आणि हे पहिलंच मोठं काम. गावात मी जरा तोऱ्यातच फिरत होते.

“दुसरीकडं कशाला जातील? इथं हॉस्टेल फुकट हाय. आन् त्यातली एक तर गावातलीच हाय.” त्यांनी आपला मॉनिटर माझ्याकडे वळवला. जुना, चौकोनी, पंधरा इंची. “यादी नीट चढलीय न्हवं?”

“सोमवारी अकरा वाजता चढवली. चाळीसच्या चाळीस नावं आहेत. हे बघा.”

मी माऊसचं चाक फिरवत खाली गेले. पस्तीस, छत्तीस, सदतीस. त्याखाली निळी पट्टी. मी चाक पुन्हा फिरवलं. यादी हलेना. पान संपलं होतं आणि शेवटचं नाव सदतिसावं होतं.

“अडतिसावी कुठाय?” हिरेमठांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

मला उत्तर माहीत होतं.

त्या पट्टीची कथा सांगायला हवी. मे महिन्यात संस्थेचे सचिव काशीद साहेब माझ्या गाळ्यात येऊन बसले होते. “पान कितीबी खालीवर करा, अध्यक्षांचं नाव हललं नाही पाहिजे,” ही त्यांची पहिली अट. म्हणून त्यांच्या नावाची ती पट्टी मी पडद्याच्या तळाशी चिकटवून टाकली. मजकूर तिच्या मागून वर सरकायचा, पट्टी जागची हलायची नाही. शेवटची ओळ तिच्याखाली सापडू नये म्हणून मजकुराच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडली होती. दोन ओळींच्या पट्टीला ती पुरायची. मग उद्घाटन झालं. मॉनिटरला हार घातला, सीपीयूशेजारी नारळ फोडला, अध्यक्षांनी कुंकवाच्या बोटानं माऊस दाबला आणि काशीद साहेबांनी माइकवरून जाहीर केलं की यंदापासून फळ्यावर यादी लागणार नाही, सगळं संकेतस्थळावर.

दुसऱ्या दिवशी उपाध्यक्ष रुसले. त्यांचं नाव पट्टीत नव्हतं. ते घातलं तर बाकीचे संचालक फुगून बसले. शेवटी अकराच्या अकरा नावं घातली, आदरार्थी ‘मा.’ लावून. आणि मी तरी कशाला मागे राहू? तळाला एक ओळ माझी टाकली, मोबाईल नंबरासकट. माझ्या गाळ्यातल्या रुंद पडद्यावर ते सगळं तीन ओळींत बसलं आणि कसाबसा मेळ जमला. अशा चौकोनी मॉनिटरवर त्याच्या सहा-सात ओळी होत होत्या. खाली सोडलेली जागा मात्र मी होती तेवढीच ठेवली होती. तपासलं तेसुद्धा माझ्याच पडद्यावर, पाच खोटी नावं टाकून. पाच नावांची यादी पट्टीपर्यंत पोचतच नाही.

आणि खेड्यापाड्यांतल्या नेट कॅफेत मॉनिटर होते ते असेच, चौकोनी.

“पट्टीखाली आहेत,” मी म्हणाले. “तिघी पट्टीखाली झाकल्या गेल्यात.”

हिरेमठांनी पडद्याच्या तळाला बोट लावलं, जणू पट्टी नखानं उचलता येईल.

मी त्यांच्याच खुर्चीत बसून दुरुस्ती केली. पट्टी पडद्याला चिकटवणारी ओळ काढून टाकली आणि पट्टी मजकुराच्या शेवटी बसवली. यादी आखूड असेल तर मधली जागा ताणली जाईल आणि पट्टी तळाला राहील; यादी लांब असेल तर ती पट्टीला खाली ढकलेल. पट्टी दोन ओळींची असो की दहा, कुणाच्या अंगावर बसणार नाही. या कामाला मला अकरा मिनिटं लागली. मे महिन्यातही अकराच लागली असती.

काशीद साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आता दिसतंय ना सगळं?”

“दिसतंय. पण साहेब, आता पुन्हा कोण बघणार आहे? त्यांनी सोमवारीच बघितलं असेल आणि नाद सोडला असेल. एक दिवस मुदत वाढवली तर—”

“मुदत वरती कळवलेली आहे. पाच म्हणजे पाच. पाचच्या आत यादी पूर्ण दिसत होती, नियमात बसलं. आणि मॅडम, हे कुठं बोलत बसू नका. तुमच्याच धंद्याचं नाव खराब होईल.”

त्यात खोटं काही नव्हतं. मी फोन ठेवला तेव्हा बाहेरच्या बाकावर एक मुलगी आणि तिचे वडील दिसले. “प्रतीक्षा यादीतली पहिली,” हिरेमठ हळूच म्हणाले. “संचालकांची भाची. सकाळपासनं बसलीय.” मग ते उठले, कपाटातून तीन अर्ज काढले आणि टेबलावर पत्त्यांच्या पानांसारखे मांडले.

शबनम मुजावर, बार्शी. फोन लागला. आधी किंचाळण्याचा आवाज आला, मग रडण्याचा. अर्ध्या तासात येते म्हणाली. अंबिका तोडकरी, परांड्याच्या बाजूचं गाव. तिच्या अर्जावरचा नंबर पिठाच्या गिरणीचा निघाला. गिरणीवाला म्हणाला, पोरगी मामाकडं गेलीय, घरी निरोप देतो. स्वप्नाली डोईफोडे, वैरागच्या अलीकडची तांबेवाडी. तिचा मोबाईल बंद होता. तीनदा लावला, तीनदा बंद.

“तांबेवाडी वीस-बावीस किलोमीटर,” हिरेमठ म्हणाले. “स्कूटी हाय न्हवं तुमच्याकडं?” त्यांनी मूळ यादीची झेरॉक्स माझ्या हातात दिली. “मी गिरणीला फोन लावीत राहतो. तुम्ही निघा.”

तीनला दहा कमी होते.

तांबेवाडीत घर सापडायला वेळ लागला नाही. बाजीराव डोईफोडे, मोटारी भरणारे, म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून देणारे. दुकानाच्या मागेच घर. दारात पांढरी जीप आणि चपलांचा ढीग. मला वाटलं कुणी गेलं की काय. आत पाऊल टाकलं तर सतरंजीवर पाच पाहुणे बसलेले, एका बाजूला नवी पँट घातलेला एक मुलगा मान खाली घालून, आणि मधोमध हिरव्या साडीतली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी.

नाव यादीत नाही असं सोमवारी कळलं आणि गुरुवारी पाहुणे बघायला आले. जेमतेम तीन दिवस लागले होते.

“कोण पाहिजे?” तिचे वडील उठून पुढे आले. बुटकेसे, नखांत वार्निशचा काळा थर.

“मी नर्सिंग कॉलेजकडून आले. स्वप्नालीची निवड झालीय. अडतिसावं नाव. पाचच्या आत सही केली नाही तर जागा जाईल.”

ट्रेवरच्या कपबशा किणकिणल्या. मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती.

“तुम्ही कोरे मॅडम न्हवं?” ती म्हणाली. “आवाज ओळखला मी. सोमवारी फोनवर तुम्हीच होता.”

तो फोन मला आठवत होता. दोन वाजल्यापासून आठवत होता आणि मी तो आठवू देत नव्हते.

पट्टीवर नंबर माझाच होता. कॉलेजचा नंबर वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत, माझा खाली ठळक. सोमवारी दुपारी एका मुलीचा फोन आला होता. “मॅडम, शेवटची नावं पट्टीखाली जातात, वर येत न्हाईत,” असं ती सरळ, स्वच्छ सांगत होती. मी जेवत होते. समोरच्या माझ्या रुंद पडद्यावर पूर्ण यादी उघडी होती. मी म्हणाले होते, “तुमच्या कॅफेतला कॉम्प्युटर जुना असेल. आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतंय. तुमचं नाव दिसत नसेल तर निवड झाली नसेल.” नाव विचारायलासुद्धा मी घास थांबवला नाही.

“फोन स्पीकरवर होता,” बाजीराव म्हणाले. “मी शेजारी हुतो. तुम्हीच म्हणालात, निवड न्हाई. पोरगी म्हणत हुती, आण्णा, काहीतरी झाकलंय. मी तिलाच बोललो. म्हणलं, शिकलेली बाई सांगतीय ती खोटं सांगंल का?”

“आधी न्हाई म्हणायचं, आता हाय म्हणायचं,” पाहुण्यांतले एक पागोटेवाले गृहस्थ बोलले. ते मुलाचे मामा असावेत. “कुणाची चेष्टा लावलीय काय?”

मी झेरॉक्स पुढे केली. बाजीरावांनी ती घेतली, अडतिसावं नाव वाचलं, आणि परत माझ्या हातात दिली.

“कागद काय, कोणबी टाईप करंल. मला एक सांगा. बिघाड काय हुता?”

“संकेतस्थळात चूक होती.”

“चूक हुती हे कळलं. काय हुती? मोटार जळाली म्हणून माणूस आला की मी आधी इचारतो, कशानं जळाली. ज्यानं जाळली त्याला ठाव असतं. मला समजंल असं सांगा.”

चार वाजायला दहा कमी होते. मी स्वप्नालीच्या हातातला ट्रे मागितला. तिनं कप बाजूला काढून दिला. मी यादी सतरंजीवर ठेवली आणि तिच्या खालच्या टोकावर ट्रे आडवा धरला.

“हा ट्रे म्हणजे पट्टी. ही जागची हलत नाही. यादी तिच्याखालून वर ओढायची.” मी कागद वर सरकवला. “पण कागद एवढाच वर येतो. याच्यापुढे येत नाही, कारण मी खाली जागा कमी सोडली होती. ही बघा, सदतीस दिसते. पुढच्या तिघी ट्रेखालीच राहिल्या.”

बाजीराव उकिडवे बसले. त्यांनी स्वतः कागद ओढून बघितला, एकदा, दोनदा. मग ट्रे माझ्या हातातून घेतला आणि कागद जिथं संपत होता त्याच्या खाली, सतरंजीवर ठेवला.

“हितं का न्हाई ठेवला?”

“आता तिथंच ठेवलाय. दोन वाजता.”

“आधी का न्हाई?”

पाच पाहुणे, एक नवरदेव, दाराआडून बघणाऱ्या दोन बायका. सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

“संचालकांची नावं सतत दिसायला हवी होती,” मी म्हणाले. “आणि माझंही. माझी ओळ पट्टीत नसती तर कदाचित एखादी मुलगी तरी दिसली असती. तुमची पोरगी बरोबर सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही.”

मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. बाजीरावांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते लेकीकडे बघत होते. सोमवारी ते तिला काय काय बोलले होते मला माहीत नाही, पण त्यांची मान खाली गेली.

“कागदाची पिशवी कुठाय?” त्यांनी तिला विचारलं.

“ट्रंकेत.”

“घे.” मग ते पाहुण्यांकडे वळले आणि हात जोडले. “पाव्हणं, राग मानू नका. चहा घ्या, पोहं घ्या. पोरगी जरा तालुक्याला जाऊन येती.”

“म्हंजे आमी काय समजायचं?” मामा उठून उभे राहिले.

“पोरीला काम हाय, एवढं समजा.”

स्वप्नाली तशीच, हिरव्या साडीत, पिशवी छातीशी धरून माझ्या मागं बसली. बाजीराव मोटरसायकल काढतो म्हणाले, पण ती जीपच्या मागं अडकली होती आणि जीपवाले काही लवकर उठणार नव्हते. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

रस्ता खराब होता आणि समोरून वारा. मी साठच्या वर कधी स्कूटी चालवली नव्हती. त्या दिवशी काटा कुठं होता मी बघितलं नाही. वाटेत एका वळणावर वाळूवरून चाक सरकलं, स्कूटी आडवी होता होता राहिली. पाय टेकवून मी ती सावरली. मला वाटलं आता ही ओरडेल. ती मागून एवढंच म्हणाली, “चला.”

बार्शी पाच किलोमीटर राहिली तेव्हा तिनं विचारलं, “मॅडम, आमच्यासारख्या अजून कुणाचे फोन आले होते?”

मी वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही असं दाखवलं.

पाचला नऊ मिनिटं कमी असताना आम्ही कॉलेजात शिरलो. काशीद साहेब हिरेमठांच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. संचालकांची भाची आता आतल्या बाकावर होती. एकोणचाळिसाव्या नावापुढे शबनमची सही झाली होती. हिरेमठांनी स्वप्नालीची कागदपत्रं तपासली, बोट ठेवून जागा दाखवली आणि तिनं सही केली.

साहेबांनी मला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच विचारलं, “तुम्ही स्वतः घरी गेला होता?”

“हो.”

“आणि काय सांगितलंत?”

“जे झालं ते.”

“बरं केलंत,” ते म्हणाले. ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मला कळलं की पुढच्या वर्षी हे काम माझ्याकडे नसणार. खरंच नव्हतं, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या संस्थेनंही नंतर मला दारात उभं केलं नाही. वर्षभरात मी गाळा सोडून पुण्याला नोकरी धरली. बारा वर्षं झाली त्याला. त्या क्षणी मात्र त्याचं मला काही वाटलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

हिरेमठ पुन्हा गिरणीला फोन लावत होते. लागला. ते ऐकत राहिले आणि रिसीव्हर हातानं झाकून म्हणाले, “घरी निरोप दिलाय म्हणतो. भाऊ मामाकडं निघालाय तिला आणायला. तास तरी लागंल.”

“किती वाजले?” साहेबांनी विचारलं, घड्याळ त्यांच्या डोक्यावर असताना.

“पाचला दोन कमी,” हिरेमठ म्हणाले. “साहेब, तासाचा तर प्रश्न हाय.”

“पाच वाजले की रेघ मारा.”

दोन मिनिटं आम्ही सगळे तसेच बसलो. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा आवाज आला तेव्हा मी दारापर्यंत धावले. दुधाचा टेम्पो होता. परत आले तेव्हा हिरेमठांनी लाल पेन उघडलं होतं. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग रजिस्टरकडे, आणि चाळिसाव्या नावावर रेघ ओढली. बाकावरचे वडील उठून पुढे आले, भाचीनं ओढणी सारखी केली.

स्वप्नाली रजिस्टरवर वाकून ते खोडलेलं नाव वाचत होती.

“अंबिका तोडकरी,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. आता मधे वारा नव्हता. “हिचा पण फोन आला होता?”

“हो,” मी म्हणाले. “मंगळवारी. दोनदा.”

“हिला काय सांगितलंत?”

“तुला सांगितलं तेच.”

हिरेमठांनी मान वर केली. साहेबही बघत होते. स्वप्नालीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“हिला तरी नाव विचारलं होतं का?”

“विचारावं लागलं नाही,” मी म्हणाले. “तिनं दोन्ही वेळा आधी नावच सांगितलं होतं.”